17 किलोची ई-सायकल, तिसरा मजला आणि मोडायची एफडी

प्रश्न: वय 42, राहते नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी सातपूरला. जाऊन-येऊन 16 किलोमीटर. 17 किलोची ई-सायकल 82,000 रुपयांना आहे, मोटर बंद ठेवूनही हलकी चालते म्हणतात. 26 किलोची 34,000 ला मिळते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पेट्रोल वाचेलच, तर अडीअडचणीसाठी ठेवलेली 2 लाखांची एफडी मोडू, की नो-कॉस्ट ईएमआय घेऊ? घरकर्जाचा हप्ता 21,000 आहे.

उत्तर: पेट्रोलचा हिशेब जुळत नाही, तो आधी बाजूला ठेवू. महिन्याचे 24 दिवस, 384 किलोमीटर. स्कूटर लिटरला 45 देत असेल तर साधारण 900 रुपये. पावसाळ्याचे चार महिने वगळले की वर्षाला 7,200. म्हणजे 82,000 वसूल व्हायला अकरा वर्षांवर लागतील, आणि तोवर बॅटरी एकदा तरी बदलावी लागेल. ही बचत नव्हे, हौस आहे. हौसेला माझी ना नाही, पण तिच्यासाठी एफडी मोडू नका. दोन लाख म्हणजे तुमचे जेमतेम नऊ हप्ते.

आता खरा प्रश्न: वरचे 48,000 कशाचे? रस्त्यावर 9 किलोंचा फरक तुम्हाला इंदिरानगरच्या बोगद्यातून वर येताना जाणवेल, सपाटीला फारसा नाही. जाणवेल तो जिन्यात. 26 किलो म्हणजे गव्हाचं अर्धं पोतं. ते रोज तीन मजले कोण चढवणार? महिनाभरात सायकल खाली धूळ खात पडेल. म्हणून आधी सोसायटीला विचारा, पार्किंगमध्ये साखळीने बांधायला पक्की जागा मिळते का. मिळाली आणि बॅटरी काढून वर नेता येत असेल, तर हलकेपणासाठी एवढे पैसे मोजायचं मोठं कारणच उरत नाही.

मोटरशिवाय पेडल मारणं सोपं जाईल की नाही, हे नुसत्या वजनावर ठरत नाही. बिनगिअरच्या हब मोटरमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसवलेल्या मोटरमध्ये, चुंबकांची ओढ चाकाला लागते. गिअरच्या हबमध्ये क्लच असतो, चाक मोकळं फिरतं. दुकानात मोटर बंद करून ते चाक उचलून फिरवा. मग बॅटरी काढून दोन किलोमीटर चालवा, थोडा चढ असलेल्या रस्त्याने. दुकानदार कुरकुरला तरी.

कागदावर 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरची वेगमर्यादा पाहा. त्याच्या आतल्या सायकलीला नोंदणी-लायसन्स लागत नाही. विम्याचीही सक्ती नसते, पण वेगळा विमा घेतला नाही आणि चोरी झाली तर तुमचंच नुकसान. नव्या बॅटरीची किंमत आजच लेखी घ्या.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा लागतोच, रोखीची सूट जाते ती वेगळी. त्यापेक्षा महिना 8,000 बचत खात्यात वेगळे टाका. जागा मिळाली तर पाच महिन्यांत स्वस्त सायकल येईल, फक्त तिचं चाक मोकळं फिरायला हवं. नाही मिळाली, तर अकराव्या महिन्यात 17 किलोची घ्या.