प्रीमियर पद्मिनी गाडीचं पाणी गळतंय? आधी जागा शोध

रेडिएटर लगेच बदलू नकोस. पद्मिनीचा मूळ रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो, चांगला रेडिएटरवाला डाख लावून तो पुन्हा उभा करतो. असा माल आता सहज मिळत नाही, तो जप.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथर आणि सकाळी ओल कुठे पडलीय ते बघ. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघड, नाहीतर दाबातलं उकळतं पाणी थेट अंगावर येतं.

ओल पंख्याच्या बाजूला असेल तर वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला बारीक भोक सापडेल, त्याला बोट लावून बघ. ओलं लागलं तर आतलं सील गेलंय. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. एम-सील लावून बुजवलंस तर पाणी बेअरिंगात शिरेल. पंप उतरव आणि सील-बेअरिंग दोन्ही बदल.

होज पाईप दाबून बघ. चिरा दिसल्या किंवा पाईप पिलपिलीत लागला, तर नवा घाल, क्लिपही नवी.

आणि गळती बुजवायला रेडिएटरात हळद टाकू नकोस! मी एकदा घाटात टाकली होती. घरापर्यंत आलो, पण बारीक नळ्या तुंबल्या आणि गाडी सिग्नलला तापायला लागली. शेवटी रेडिएटर उतरवून, टाकी उघडून, नळी न् नळी साफ करावी लागली.

भरताना बोअरचं पाणी नको, क्षार साचतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाल.