फायबरच्या होडीत स्क्रू न मारता वायरी बसवायच्या असतील तर सिलिकॉनच्या वाटेला जाऊ नका

दादा, मागे चिकटपट्टी असलेल्या प्लास्टिकच्या चौकोनी बैठका पंधरा दिवसांत गळून पडल्या आणि जीपीएसची वायर लोंबायला लागली, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून आठ वर्षांपूर्वीची आमची होडी डोळ्यांसमोर आली. स्क्रू मारायचा नाही हा तुमचा निर्णय बरोबरच आहे. फायबरच्या पोटात प्लाय असेल तर एका भोकातून शिरलेलं पाणी आतल्या आत प्लाय कुजवतं आणि वरून काही कळत नाही.

आमच्याही बैठका अशाच पडल्या. पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस होते, होडी वर काढलेली, हाताशी वेळ होता. दुकानदाराने बाथरूमला लावतात ते सिलिकॉन दिलं, म्हणाला सगळे हेच नेतात. मी वायरीवर जागोजागी गोळे थापले. तिथेच थांबलो असतो तर निभावलं असतं, पण पाणी उपसायच्या पंपाच्या वायरीचा जोडही त्यातच बुजवला. या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. सुकताना त्यातून ॲसिड सुटतं आणि ते उघडं तांबं खातं. दिवाळीच्या सुमाराला खाडीत नांगरलेल्या होडीतला पंप रात्री बंद पडला. सकाळी पाहतो तर पाणी गिअरबॉक्सपर्यंत. जोड उघडला तेव्हा आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी होती. ऐन हंगामातले अकरा दिवस गेले.

पुढचा त्रास त्याहून मोठा. जिथे सिलिकॉन लागलं तिथे नंतर काही चिकटत नाही, रंगसुद्धा नाही. पॉलिश पेपर मारला तर ते निघत नाही, उलट आजूबाजूला पसरतं. आधी ब्लेडने पूर्ण खरवडायचं, मगच घासायचं. हे कळेपर्यंत आमचा तिसरा प्रयत्न फुकट गेला होता. म्हणून कळकळीने सांगतो, तुम्ही अजून लावलं नसेल तर लावूच नका.

आता आम्ही काय करतो ते. प्लायच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या, त्यांना केबल टाय ओवण्यापुरती भोकं आधीच पाडायची आणि पट्टी रेझिनमध्ये, म्हणजे फायबरकामातल्या सुकून घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, बुडवून घ्यायची. होडीच्या आतला रंग 80 नंबरच्या पेपरने फायबर दिसेपर्यंत काढायचा, ॲसिटोनने पुसायचं, पट्टी बसवून दोन्ही टोकांवर मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या कापडाचे, तुकडे रेझिनने चढवायचे. भोकं पट्टीला पडतात, होडीला नाही. आमच्या पट्ट्या सहा वर्षं हललेल्या नाहीत. आधार दर हातभर अंतरावर, म्हणजे दीड फुटाच्या आत द्या. इंजिनच्या थरथरीने वायर झिजते ती मधल्या झोळातच. टाय काळेच घ्या, पांढरे उन्हात तडकतात.

हे काम माझ्या मते एप्रिल-मेमध्येच उरकावं, तेही सकाळी. पावसाळी दमट हवेत रेझिन नीट धरत नाही आणि मे महिन्यातल्या दुपारी वाटीतच घट्ट होतं. रेझिन घट्ट व्हायला त्यात मिसळतात ते कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर शेवटी.

मी काही इलेक्ट्रिशियन नाही. आमची होडी 28 फुटी, 12 व्होल्टची. मोठ्या ट्रॉलरचं गणित वेगळं असेल. इंजिनजवळच्या वायरी मात्र जाणकाराला दाखवून घ्या आणि बॅटरीला लागूनच फ्यूज आहे ना, तेही बघा.

वायरी नव्याने ओढताच आहात तर होकायंत्राजवळून जाणारी प्लस-मायनस वायरींची जोडी एकमेकींना पीळ देऊन न्या, नाहीतर दिवा लावला की काटा सरकतो. आमच्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, वर्षभर वाटत होतं की होकायंत्रच बिघडलंय.