तेरड्याची शेंग आणि क्रियापदे

प्रश्न : मी सातारा तालुक्यातील शाळेत चौथीला मराठी शिकवते. परिसरभेटीत मुले रमतात. परंतु वर्गात परतल्यावर ‘खूप मजा आली’ यापलीकडे काही लिहीत नाहीत. काय करावे?

उत्तर : निबंधाचा विषय देण्याआधी मुलांना एकच वस्तू जवळून पाहू द्यावी. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा असले, तरी त्यासाठी तिथवर जायलाच हवे असे नाही. पावसाळ्यात बांधावर तेरडा फुलतोच. त्याची पिकलेली शेंग बोटाने दाबताच फटकन फुटते, तिच्या पाकळ्या आत वळतात आणि बिया उडतात. या एका क्षणासाठी शब्द शोधताना मूल ‘फुटली’, ‘उकलली’, ‘तडकली’ यांतला फरक स्वतः पारखते, आणि ते व्याकरणाच्या तक्त्याने साधत नाही, असे मला ठामपणे वाटते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण पाठ करून घेण्यापेक्षा फांदी वर्गात ठेवून रोज दोन ओळींची नोंद करवून घ्यावी. कासवरच्या इवल्या निळ्या-जांभळ्या फुलाला ‘सीतेची आसवे’ का म्हणत असतील, हे मुलांनी घरी आजीला विचारावे. आजीच्या बोलीतला शब्द वहीत उतरला, तर तो कृपया लाल शाईने खोडू नये.