लेक म्हणतेय सिरॅमिक्स करायचंय, पाठवू का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई सांगलीच्या, मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान, मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ७८ टक्के, सीईटीत फार काही आलं नाही. सुट्टीत मावशीकडे पुण्याला गेली, तिथे दहा दिवसांचं पॉटरीचं वर्कशॉप केलं आणि आल्यापासून एकच घोषा लावलाय, मला सिरॅमिक्सच करायचंय. बाबा म्हणाले, "कुंभारकामच करायचं होतं तर सायन्सचे क्लास कशाला लावले?" तेव्हापासून घरात दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीयेत. ताईंचे प्रश्न तीन. यात पोट भरतं का, कोर्स कुठला करायचा, आणि मुलगी चाक घेऊन द्या म्हणतेय, तीस हजारापर्यंत जाईल, तर घ्यायचं का.

तिसऱ्याचं आधी सांगून टाकते, चाक आत्ता घेऊ नका.

बाबांच्या वाक्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. ते रागात बोलले असतील, दोन वर्षं क्लासची फी भरलेला बाप आहे, मी समजू शकते. पण कुंभारकाम हा शब्द कमीपणा दाखवायला वापरायचा शब्द नाहीच हो. भाईंदरला ब्रह्मदेव पंडित म्हणून कलाकार आहेत, बिहारमधल्या कुंभाराच्या घरातून आले, आयुष्यभर चाकावर काम केलं आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, मुलंही याच कामात आहेत. आणि आपल्याकडे तर गोरोबाकाकांच्या तेरला आजही लोक हात जोडून जातात. बाबांना हे जेवताना सहज सांगा, वाद घालायच्या सुरात नको.

दुसरं म्हणजे सायन्स वाया गेलं हे साफ चूक आहे. भांड्यावर जो चकचकीत थर असतो ना, ग्लेझ म्हणतात त्याला, तो म्हणजे काच. सिलिका काच बनवते, पण ती एकटी वितळायला १७०० डिग्रीच्या वर जावं लागतं, म्हणून कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम असलं काहीतरी घालून ते तापमान खाली आणायचं, आणि वितळून सगळं खाली ओघळू नये म्हणून अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचं ऑक्साइड, घालायचं. लोहाचं तेच ऑक्साइड भट्टीत हवा भरपूर असली तर मधासारखा नाहीतर तपकिरी रंग देतं, आणि हवा कमी केली तर फिकट हिरवा. तांबं एरवी हिरवं, हवा कोंडली की लाल. ५७३ डिग्रीला मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि भट्टी तिथून घाईघाईत थंड केली तर भांडी तडकतात. हे सगळं तिच्या अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीचंच पुढचं पान आहे. बऱ्याच आर्टच्या मुलांची गाडी ग्लेझपाशी अडते कारण मोल म्हणजे काय तेच आठवत नसतं, तुमची लेक तिथे पुढेच असेल.

आता मुख्य मुद्दा. दहा दिवसांच्या वर्कशॉपमध्ये तिने जे बघितलं तो या कामाचा सगळ्यात गोड भाग. माती मळून तयार मिळते, चाकावर हात धरून शिकवतात, वाटी निघाली की फोटो, आणि भाजायचं काम दुसरंच कोणीतरी करतं, आपल्याला पंधरा दिवसांनी तयार वाटी कागदात गुंडाळून मिळते. स्टुडिओतला रोजचा दिवस तसा नसतो.

मागच्या वर्षी माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या स्टुडिओत मी भट्टी उघडायच्या दिवशी गेले होते, कारण असले प्रश्न मला वरचेवर यायला लागलेत आणि नुसतं वेबसाइट वाचून सल्ला द्यायला जिवावर येतं. एका कॅफेची चाळीस मगची ऑर्डर होती. प्रत्येक मगासाठी चारशे ग्रॅम मातीचा गोळा तराजूवर तोलून घेतलेला, कारण एक जाड एक बारीक झाला तर कॅफेवाला घेत नाही. उंची ठेवलेली साडेअकरा सेंटीमीटर, भाजून झाल्यावर ती दहाच्या आसपास येते, कारण माती वाळताना आणि भाजताना दहा-बारा टक्के आकसते. चाकावरून काढलं की ओलसर-कडक होईपर्यंत थांबायचं, मग बूड तासायचं, मग कान लावायचा, मग प्लास्टिकखाली हळूहळू वाळवायचं, पावसाळ्यात तर याला आठ-आठ दिवस. मग पहिली भाजणी हजार डिग्रीच्या आतबाहेर, ती झाली की प्रत्येक मग बोटाच्या पेराने टकटक वाजवून बघायचा, खणखणीत वाजला तर ठीक आणि बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, डोळ्याला दिसत नसली तरी आहे. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली ती गोष्ट आपण लहानपणी कीर्तनात ऐकतो, त्या दिवशी मला ती पहिल्यांदा नीट समजली. मग ग्लेझ, मग दुसरी भाजणी बाराशेच्या वर, आणि भट्टी बंद केल्यावर पुढे जवळजवळ दिवसभर नुसतं थांबायचं.

तर दार उघडलं आणि वरच्या फळीवरचे मग सुंदर, निळसर राखाडी, अजून कोमट होते आणि बारीक टिण् टिण् आवाज येत होता. खालच्या फळीवर ग्लेझ जास्त जाड बसलं होतं, ते ओघळून अकरा मग फळीला चिकटलेले. महिनाभराच्या कामातले अकरा गेले. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही, मग छिन्नी घेऊन फळीवरचे काचेचे थेंब काढायला बसली, मग वहीत लिहिलं की कुठल्या बादलीतलं ग्लेझ, किती दाट होतं, भट्टीत कुठे ठेवलं होतं, आणि मग उठून माती मळायला घेतली, कारण कॅफेला शुक्रवारी द्यायचे होते, आता फोन करून काही आठवडे मागून घ्यावे लागणार होते. मी तिथे उभी होते आणि मला वाटलं, हे करिअर म्हणजे हे आहे. तुमच्या लेकीला चाक आवडलंय यात शंका नाही, पण चिकटलेल्या अकरा मगांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत मातीत हात घालते का, हे ना तुम्हाला माहितीये ना तिला. हे कळायच्या आधी ना चाक घ्या ना लाखांची फी भरा.

पैशाचं स्पष्टच बोलूया. मुलीने इन्स्टावर प्रदर्शनांचे फोटो बघितलेत असं तुम्ही लिहिलंय, पांढऱ्या भिंती, लायटिंग वगैरे. प्रदर्शनं हवीतच, त्याने नाव होतं, आपण काय करतोय ते आपल्यालाही कळतं. आपल्या देशात आता सिरॅमिक्सची स्वतंत्र त्रैवार्षिकी, म्हणजे मोठं प्रदर्शन, भरते, पहिली २०१८ ला जयपूरच्या जवाहर कला केंद्रात, दुसरी २०२४ ला दिल्लीत, तिथे माती म्हणजे फक्त भांडी नव्हे हे डोळ्यांना दिसतं. पण प्रदर्शनावर घर चालवायचं म्हटलं तर अवघड. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी अर्ज केल्यावर कित्येक वर्षं थांबावं लागतं, खासगी गॅलरी विक्रीतले ३३ ते ५० टक्के ठेवते, पॅकिंग आणि टेम्पो आपला, वाटेत फुटलं तर तेही आपलं. पोट भरतं ते तीन-चार गोष्टी मिळून. कॅफे-हॉटेलच्या ताटवाट्यांच्या ऑर्डरी, शनिवार-रविवारचे क्लास, दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांतली विक्री, आणि या सगळ्यातून वेळ काढून स्वतःचं काम. क्लास घेणं हे कमी दर्जाचं काम असं काही मुलं समजतात, पण माझ्या बघण्यातल्या बहुतेकांचं भाडं त्यावरच निघतं.

खर्च पण धरा. आठ किलोवॅटची छोटी इलेक्ट्रिक भट्टी एकदा लावली की पन्नास-साठ युनिट वीज जाते, आणि ती साध्या घरगुती सिंगल फेज कनेक्शनवर चालवायचा विचार करू नका, थ्री फेज घ्यावं लागतं. म्हणून तर म्हटलं नुसतं चाक घेऊन काही होत नाही, भट्टीशिवाय चाक म्हणजे गॅसशिवाय कढई. पहिली चार-पाच वर्षं घरच्यांचा आधार लागतो हे धरूनच चला, आणि तुमचं दुकान आहे, बाबांना उधारी, मालाचा हिशोब, घसारा सगळं कळतं, खरं तर या धंद्यात तिचा सगळ्यात चांगला सल्लागार घरातच आहे.

कोर्स. आधी एक घोळ मिटवते, सिरॅमिक इंजिनिअरिंग वेगळं. ते आयआयटी बीएचयू, एनआयटी राउरकेला अशा ठिकाणी असतं, जेईईतून जातात आणि टाइल्स, रिफ्रॅक्टरी (भट्ट्यांच्या उष्णता सोसणाऱ्या विटा वगैरे), इन्शुलेटर असल्या इंडस्ट्रीत नोकऱ्या मिळतात. नातेवाईक गुगल करून तेच सांगतील, मुलीला ते नकोय. तिच्यासाठी अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) सिरॅमिक अँड ग्लास डिझाइन आहे, कुठल्याही शाखेची बारावी चालते पण डॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, स्पर्धा भयंकर आहे आणि फी पण जास्त. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सिरॅमिक्स शिकवतात, २०२३ पासून ते अभिमत विद्यापीठ झालंय, तेव्हा प्रवेशाचं जुन्या विद्यार्थ्यांना विचारू नका, त्यांच्या साइटवरचंच धरा. बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिल्पकलेच्या विभागात मातीचं काम चालतं, ज्योत्स्ना भट्ट यांनी तिथे वर्षानुवर्षं शिकवलं. शांतिनिकेतनचं कलाभवनही आहे. तिने एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलीय का ते तुम्ही लिहिलं नाहीत, नसेल दिली तर ड्रॉइंगचा हात आजपासून रोज तासभर चालू करायला सांगा, कारण प्रवेश परीक्षेत चाक कोणी बघत नाही, चित्र बघतात.

आणि डिग्रीशिवायचा रस्ता पण खरा आहे. पुदुच्चेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी काढली, तिथे राहून शिकलेल्यांचे स्टुडिओ आज देशभर आहेत. हिमाचलमध्ये अंद्रेट्टाला निवासी कोर्स चालत आलेत. एखाद्या चांगल्या स्टुडिओत वर्ष-दोन वर्षं हाताखाली काम करणं हे या क्षेत्रात डिग्रीपेक्षा कमी मानत नाहीत, फक्त आधी नीट विचारून घ्या, राहायची सोय काय, शिकवणार की नुसती फरशी पुसून घेणार. (फरशी पुसावी लागतेच, आणि ओल्या फडक्यानेच. सुकी माती झाडूने झाडली की सिलिकाची धूळ उडते, ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मास्क न लावता पावडरी मिसळणारा स्टुडिओ दिसला तर मुलीला तिथे ठेवू नका, कितीही मोठं नाव असो.)

मी काय करीन सांगते. यंदा तिला गॅप घेऊ द्या, पण घरी बसायचा गॅप नको. पुण्याच्या किंवा कोल्हापूरकडच्या एखाद्या स्टुडिओत सहा महिने, आठवड्यातून निदान चार दिवस, मळणं-तासणं-भट्टी भरणं सगळं. एकच वाटी शंभर वेळा, तोलून मापून. फुटलेल्या प्रत्येकीची वहीत नोंद, का फुटली. सोबत रोजचं ड्रॉइंग आणि डॅटचा फॉर्म, तो साधारण दिवाळीच्या आसपास निघतो, तारखा चुकवू नका. जानेवारीत तिची वही घेऊन तिघं बसा, त्यात पानं वाढत गेली असतील तर कोर्सचा खर्च उचला, मध्येच कोरी पडली असतील तर बीएस्सीचं दार काही बंद होत नाही, एक वर्ष गेलं म्हणून कोणाचं आयुष्य अडत नाही.

आणि ताई एक करा. डिसेंबरच्या शेवटाला जवळपास जिथे कुंभारवाडा असेल तिथे बाबांना आणि तिला एकत्र पाठवा, संक्रांतीच्या सुगडांची तेव्हा धांदल असते, एकेका घरात हजारांनी सुगडं निघतात. तिला म्हणावं चाकाजवळ बस आणि एका तासात किती निघतात ते मोज, बाबांना म्हणावं माती कितीला आली, जळण किती लागलं, फुटणारी किती धरतात आणि होलसेलचा भाव काय ते विचारा. दोघांनी मिळून हिशोब काढला की मला कळवा, तो बघून चाकाचं पुन्हा बोलू.