स्थापत्य, प्रारूप की रचना?

हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगसाठी सॉफ्टवेअरचे कागद लिहिणाऱ्या बिझनेस अ‍ॅनालिस्टने विचारलंय: 'सिस्टिम आर्किटेक्चर'ला, म्हणजे सॉफ्टवेअरचे भाग कोणते आणि ते एकमेकांशी कसे जोडलेत याला, 'प्रणाली स्थापत्य' लिहू का? आणि मॉडेलला, म्हणजे त्याच्या कागदावरच्या चित्राला, 'प्रारूप' चालेल का? वाचणारे आहेत मालक, मुनीम आणि काटेवाला.

स्थापत्य नकोच. गावात स्थापत्य म्हटलं की बांधकाम खात्याचा इंजिनीअर आणि अर्धवट नाली आठवते. सरळ 'रचना' लिहा.

'प्रारूप' तर त्याहून गोत्यात आणेल. प्रारूप मतदार यादी म्हणजे हरकती मागवण्यासाठी लावलेली कच्ची यादी. मुनीम विचारणारच, पक्की केव्हा लागते? 'नमुना' म्हणाल तर तलाठ्याचा सातबारा समोर येतो. माझं मत 'रचनाचित्र'ला. 'आराखडा' चांगला शब्द आहे, पण तो व्हायच्या गोष्टीचा. आज जे चालू आहे ती 'सध्याची रचना', आराखडा पुढच्या रचनेचा.

रचना आणि तिचं वर्णन या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. आयएसओ ४२०१० हे प्रणालीच्या रचनेचं वर्णन कसं करावं याचं आंतरराष्ट्रीय मानकही हा भेद करतं. कागदावर काही नसलं तरी जिनिंगमध्ये रचना असतेच.

खरी गोची मात्र नामांपेक्षा क्रियापदांत होते. 'प्रणाली वजनविषयक माहितीचे एकत्रीकरण करते' यातून कोणालाच काही कळत नाही. त्यापेक्षा लिहा: 'भरल्या गाडीचं वजन काट्यावरून संगणकात येतं. गाडी खाली झाली की रिकामं वजन येतं. दोन्हींच्या फरकावरून काटापट्टी निघते.' यातलं प्रत्येक नाम चित्रात चौकट होतं, प्रत्येक क्रियापद बाण. बाणावर क्रियापद लिहाच. नुसता बाण दिसला तर मालक तो गाडीचा रस्ता समजेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

सॉफ्टवेअरच्या रचनेची चित्रं काढायच्या सायमन ब्राऊन यांच्या सी४ पद्धतीत चार पातळ्या आहेत: संदर्भ, कंटेनर, घटक, कोड. तुम्हाला बहुतेक वेळा पहिल्या दोन पुरतील. फक्त 'कंटेनर' शब्द तसाच ठेवू नका, इथे त्याचा अर्थ गाठी भरून बंदराकडे जाणारा डबा. 'स्वतंत्र चालणारा भाग' लिहा.

सर्व्हर, डेटाबेस यांना मात्र हात लावू नका. काटेवालासुद्धा म्हणतो, "थांबा भाऊ, सर्व्हर डाऊन हाये."