मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर आणि किती तास लागतात?

सरळ अंतर धरलं तर साधारण १२,५०० किमी, आणि डायरेक्ट फ्लाइटला जाताना १६ तासांच्या आसपास, येताना १४-१५ तास. येताना वेळ कमी लागतो कारण वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्याला, ते जाताना समोरून लागतात आणि येताना पाठीमागून ढकलतात.

नकाशात बघून वाटतं विमान आफ्रिकेवरून जात असेल पण पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता उत्तरेकडून, मध्य आशिया, रशिया, पुढे ग्रीनलंडच्या बाजूने आहे. प्रत्यक्षात तो नेहमी मिळत नाही, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा वळसा पडून वेळ वाढला, म्हणून तिकिटावर लिहिलेले तासच खरे माना.

घड्याळाचा घोळ मात्र नीट समजून घ्या. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे जूनमध्ये रात्री दीडला मुंबईहून निघालात तर तिथे त्याच दिवशी सकाळी आठला उतराल. येताना उलटं, दुपारी निघालात तर इथे दुसरा दिवस उजाडलेला असतो, घ्यायला येणाऱ्यांना तारीख नीट सांगा.

दुबईवरून गेलात तर थांबा धरून २०-२२ तास सहज जातात. पण आईबाबा पहिल्यांदाच जात असतील तर माझं मत डायरेक्टच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.