वणव्यावर पहिल्यांदा जातोयस, तर हे ऐकून जा

आग विझवताना फांदी डोक्यावरून आपटू नकोस. पहिल्या वर्षी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाच्या बाजूला मी तेच केलं, ठिणग्या उडून मागचं गवत पेटलं आणि वनमजुरानं मला सगळ्यांसमोर झापलं. हिरवी, पानांची फांदी खाली धरायची आणि ज्वाळा जळलेल्या बाजूला दाबत, घासत न्यायची.

नायलॉनचं ट्रॅक पँट घरीच ठेव, ते वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती कपडे, बूट, ओला रुमाल, पाणी.

आता वाऱ्याचं. आपल्याकडे सकाळी वारा बहुधा पूर्वेकडून असतो आणि दुपारी समुद्रावरून उलटा फिरतो. सकाळी तुझ्यापासून लांब जाणारी आग दुपारी तुझ्याच अंगावर येऊ शकते. आग चढावर जोरात पळते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कधीच थांबू नकोस. कारवीची वाळलेली झुडपं पेटली की तडतड आवाज येतो. तो वाढला की मागे सर. पळायची वाट आधीच बघून ठेव. बऱ्याचदा जळून थंड झालेली काळी जमीनच सगळ्यात सुरक्षित असते.

जाळरेषा काढणं, म्हणजे आग अडवायला गवत जाळून मोकळा पट्टा करणं, आणि वणव्याच्या समोरून आग लावणं हे वनखात्याचं काम, आपण त्यात पडायचं नाही. धूर दिसला की आधी वनखात्याच्या १९२६ आणि अग्निशमन दलाच्या १०१ ला फोन. मग जवळच्या पाड्यावर जा: म्हातारी माणसं, पोरं बाहेर काढ, गुरांचे दोर सोड, पेंढा आणि सिलिंडर लांब हलव. कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे पाड्यातल्या बायकांना विचार, त्यांना नेमकं ठाऊक असतं.

आणि हो, सेल्फी नको रे बाबा.